चवथीच्या आधी बोर्ड हातात: छंदाच्या प्रकल्पासाठी पीसीबी कसा मागवायचा

ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता तारा खोचायचा बोर्ड) टेबलावर छान चालणारं सर्किट मखराच्या मागे गेलं की रुसतं. मखर जरा सरकवलं की एखादी जंपर वायर निसटते आणि ऐन आरतीच्या वेळी अर्धी माळ बंद पडते. झिरो पीसीबीवर (नुसत्या भोकांचा कोरा बोर्ड) सोल्डर केलं तर ते पक्कं होतं. पण तसाच दुसरा नग शेजारच्या वाड्यावरच्या दिवाळीतल्या नरकासुराच्या पुतळ्यासाठी हवा असेल तर सगळी तारांची गुंतवळ पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. अशा वेळी कारखान्यातून पीसीबी, म्हणजे तांब्याच्या रेषांनी सर्किट छापलेला बोर्ड, छापून घेणं परवडतं. एकच नग लागणार असेल, भाग दहा-बाराच असतील आणि सर्किट अजून रोज बदलत असेल, तर मात्र घाई नको. झिरो पीसीबीच बरा.

पुढची सगळी पद्धत एकाच उदाहरणावर सांगितली आहे: मखरातल्या डब्ल्यूएस२८१२बी एलईडी माळा चालवणारा ईएसपी३२ (प्रोग्राम टाकता येणारी वायफायवाली चिप) कंट्रोलर. विहिरीवरच्या पंपाचा टायमर असो की शिगम्याच्या चित्ररथावरचे दिवे, पायऱ्या त्याच राहतात.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. कारखाना तुमचं सर्किट तपासत नाही. तुम्ही पाठवलेली फाइल त्यांच्या यंत्रांवर बनू शकते का, एवढंच ते पाहतात. ट्रान्झिस्टर उलटा असेल, कनेक्टरची पिनं चुकली असतील, तर तो चुकलेला बोर्ड अगदी सुबक बनून येतो, तोही पाचच्या पाच नग. म्हणून ‘ऑर्डर’ बटण दाबण्यापूर्वीचा वेळ हाच खरा कामाचा वेळ.

आधी भाग, मग बोर्ड

गोव्यात रेझिस्टर, कपॅसिटर, ७८०५ (व्होल्टेज रेग्युलेटर) असले नेहमीचे भाग दुकानात मिळून जातात. पण ठरावीक कनेक्टर किंवा ठरावीक आयसी लागला की मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा ऑनलाइन दुकान गाठावं लागतं. त्यामुळे आधी बोर्ड मागवून मग भाग शोधायला निघालात तर हमखास अडकाल. दुकानात ३.५ मिमी पिचचा (पायांमधलं अंतर) कपॅसिटर असतो आणि बोर्डावर भोकं ५ मिमीवर पडलेली असतात. म्हणून सगळे भाग आधी आणा, टेबलावर मांडा, व्हर्नियर कॅलिपरने मोजा आणि मगच डिझाइन पक्कं करा. व्हर्नियर नसेल तर फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणारा कोणी ओळखीचा गाठा. लॅबमध्ये असतोच.

आपल्या बोर्डाला लागणारे भाग असे: ३० पिनांचा ईएसपी३२ डेव्हकिट, म्हणजे चिप बसवलेला तयार छोटा बोर्ड (१), १५ पिनांच्या फीमेल हेडरच्या पट्ट्या (२), ७४एएचसीटी१२५ डीआयपी-१४ आयसी आणि त्याचा सॉकेट (प्रत्येकी १), ३३० ओहम रेझिस्टर (२), १००० मायक्रोफॅरड १६ व्होल्ट कपॅसिटर (१), ०.१ मायक्रोफॅरड सिरॅमिक कपॅसिटर (१), ५.०८ मिमी पिचचे स्क्रू टर्मिनल (दोन पिनांचा १, तीन पिनांचे २), पुश बटण (१), दोन पिनांचा जंपर (१). शिवाय बोर्डाबाहेर ५ व्होल्टचा तयार एसएमपीएस (२३० व्होल्टवरून ५ व्होल्ट देणारा वीजपुरवठा) आणि त्याच्या ५ व्होल्टच्या तारेत एक फ्यूज.

२३० व्होल्टची लाइन पहिल्या बोर्डावर आणूच नका. एसएमपीएसच्या डब्यातच ती राहू द्या. रिले बसवून मेन्सचा ट्रॅक बोर्डावरून नेण्यासाठी लो-व्होल्टेज बाजूपासून किमान ६ ते ८ मिमी अंतर, रिलेखाली खाच, बंदिस्त डबा अशी बरीच पथ्यं आहेत. पावसाळ्याच्या दमट हवेत तर ती आणखी कडक पाळावी लागतात. ते काम दोन-चार साधे बोर्ड जमल्यावर करावं.

७४एएचसीटी१२५ कशाला, असा प्रश्न पडेल. डब्ल्यूएस२८१२बीला ५ व्होल्टवर चालवलं की डेटा पिनवर ‘हाय’ समजायला ३.५ व्होल्ट लागतात, कारण तिची मर्यादा पुरवठ्याच्या ०.७ पट आहे. ईएसपी३२ देतो ३.३. काही माळा तरीही चालतात, काही मधूनच चकाकतात, आणि हा दोष शोधताना दिवस जातात. एएचसीटी जातीचा आयसी २ व्होल्टच्या पुढे ‘हाय’ मानतो आणि पूर्ण ५ व्होल्ट बाहेर देतो. साधा ७४एचसी१२५ ही जागा घेत नाही. त्या ‘टी’चंच सगळं महत्त्व, तेव्हा दुकानदार “तोच आहे हो” म्हणाला तरी आयसीवरची अक्षरं वाचून घ्या.

स्कीमॅटिक

सॉफ्टवेअर किकॅड घ्या. फुकट आहे, बोर्डाच्या आकारावर बंधन नाही, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं. पहिलं काम स्कीमॅटिक, म्हणजे चिन्हांनी काढलेलं सर्किटचं चित्र.

यात नवख्यांची हमखास फसगत होणारी जागा म्हणजे ७४ मालिकेचे आयसी. किकॅडमध्ये ७४एएचसीटी१२५ एकाच चौकोनात येत नाही. त्याचे चार गेट चार वेगळी चिन्हं म्हणून येतात आणि वीज-ग्राउंडचं पाचवं चिन्ह वेगळं असतं. दोन गेट ठेवून पुढे गेलात तर पाचवं चिन्ह राहून जातं. मग बोर्डावर आयसीच्या १४ क्रमांकाच्या पिनला ५ व्होल्ट आणि ७ क्रमांकाला ग्राउंड पोचतच नाही. सगळे ट्रॅक बरोबर दिसतात, फक्त आयसी मेलेला. न वापरलेल्या दोन गेटांची इनपुट पिनंही मोकळी सोडायची नाहीत, ग्राउंडला जोडायची. वापरातल्या गेटांची एनेबल पिनंसुद्धा ग्राउंडला जातात, कारण ती लो असतानाच गेट उघडतं.

ईएसपी३२ची पिनं निवडताना ६ ते ११ विसरा, ती आतल्या फ्लॅश मेमरीला जोडलेली असतात. ३४ ते ३९ फक्त इनपुटला चालतात आणि त्यांना आतला पुल-अप (मोकळी पिन ‘हाय’ धरून ठेवणारा रेझिस्टर) नाही. ०, २, १२ आणि १५ ही चालू होण्याच्या क्षणी पाहिली जातात. विशेषतः १२ ‘हाय’ राहिली तर चिप फ्लॅशचं व्होल्टेज चुकीचं धरते आणि सुरूच होत नाही. माळांसाठी १८ आणि १९, बटणासाठी २७ घेतली की कटकट नाही.

एसएमपीएसचे ५ व्होल्ट डेव्हकिटच्या व्हीआयएन (वीज आत घेणाऱ्या) पिनपर्यंत जंपरमधून न्या. यूएसबी लावून प्रोग्राम टाकताना जंपर काढायचा. काही डेव्हकिटवर यूएसबी आणि व्हीआयएनमध्ये डायोड असतो, काही स्वस्त नगांवर नसतो, आणि नसला तर एसएमपीएसचा प्रवाह थेट लॅपटॉपच्या पोर्टकडे सरकतो. दोन पिनांच्या जंपरने हा धोका टळतो.

मग ईआरसी, म्हणजे स्कीमॅटिकमधल्या चुका शोधणारी तपासणी, चालवा. “इनपुट पॉवर पिन कुठल्याही आउटपुट पॉवर पिनने चालवलेली नाही” अशा अर्थाची इंग्रजी तक्रार येईल. घाबरू नका. वीज स्क्रू टर्मिनलमधून येते आणि टर्मिनल हा वीजस्रोत आहे हे सॉफ्टवेअरला ठाऊक नसतं. ५ व्होल्ट आणि ग्राउंड, दोन्हींवर एकेक पॉवर फ्लॅग चिन्ह लावा, तक्रार जाते. बाकीच्या तक्रारी मात्र एकेक वाचून सोडवा. “आयसीचा एक भाग ठेवलेला नाही” ही त्यांतलीच एक, वर सांगितलेली.

फुटप्रिंट: चुका इथेच होतात

प्रत्येक चिन्हाला बोर्डावरचा ठसा, म्हणजे फुटप्रिंट, द्यावा लागतो. इथे अंदाज चालत नाही.

३० पिनांचा डेव्हकिट म्हणून जे मिळतं त्यात पिनांच्या दोन रांगांमधलं अंतर सगळीकडे सारखं नसतं. काहींत २२.८६ मिमी, काहींत २५.४ मिमी. नेटवरून उतरवलेलं फुटप्रिंट एका अंतराचं आणि हातातला नग दुसऱ्या, मग बोर्ड वाया. त्यातून पिनांचा क्रमही उत्पादकागणिक बदलतो. म्हणून डेव्हकिटचं तयार फुटप्रिंट न वापरता १५ पिनांच्या दोन हेडर-रांगा ठेवा. त्यांच्यातलं अंतर स्वतः मोजून घाला आणि पिनांची नावं समोरच्या नगावर छापलेली वाचून स्कीमॅटिकमध्ये लिहा.

भोकांची मापं अशी ठेवा: पाव वॅटच्या रेझिस्टरला ०.८ मिमी, हेडरच्या चौकोनी पिनांना १ मिमी (पिन ०.६४ मिमीची असली तरी तिचा कर्ण ०.९ होतो), १एन४००७सारख्या जाड पायांच्या डायोडला १.१, स्क्रू टर्मिनलला १.३. एम३ स्क्रूसाठी ३.२ मिमीचं भोक, आणि त्याच्याभोवती स्क्रूचं डोकं बसेल एवढी ७ मिमी व्यासाची जागा मोकळी. भोक थोडं सैल असलं तर सोल्डर भरून निघतं. घट्ट भोक ड्रिलने मोठं करायला गेलात तर आतला तांब्याचा मुलामा निघून वरचा-खालचा ट्रॅक तुटतो.

ट्रान्झिस्टरही सारखे नसतात. बीसी५४७ची सपाट बाजू समोर धरून डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. पीएन२२२२ए तसाच धरला तर एमिटर, बेस, कलेक्टर. ७८०५च्या जागी एएमएस१११७ बसवू पाहणाऱ्यांनीही डेटाशीट उघडावी. ७८०५चा क्रम इनपुट, ग्राउंड, आउटपुट असा आहे, तर एएमएस१११७चा ग्राउंड, आउटपुट, इनपुट, आणि त्याची मोठी पट्टी ग्राउंड नसून आउटपुट असते.

मांडणी आणि ट्रॅक

एफ८ दाबून स्कीमॅटिक बोर्डावर आणा. टर्मिनल कडेला, त्यांची तोंडं बाहेर. (उलटी ठेवली तर तारा बोर्डाच्या आतून घालाव्या लागतात. हे वाचायला गमतीचं वाटतं, पण वारंवार घडतं.) डेव्हकिटचा अँटेनाचा भाग बोर्डाच्या कडेला येऊ द्या आणि त्याच्याखाली तांबं ठेवू नका, नाहीतर वायफायची रेंज घटते. ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आयसीच्या १४ नंबरच्या पिनला खेटून, आणि १००० मायक्रोफॅरडचा वीज येते त्या टर्मिनलजवळ. ३३० ओहमचा रेझिस्टर आयसी आणि डेटा टर्मिनल यांच्यामध्ये.

सिग्नलचे ट्रॅक ०.२५ ते ०.३ मिमी, दोन ट्रॅकमधलं अंतर ०.२ मिमी किंवा जास्त, व्हियाचं (वरचा-खालचा थर जोडणारं) भोक ०.४ आणि पॅड (भोकाभोवतीचं तांबं) ०.८ मिमी. कारखाने याहून बारीक काम सहज करतात, पण आपल्याला गरज नाही. बारीक ट्रॅक दुरुस्त करायलाही जिवावर येतं.

विजेच्या ट्रॅकचा मात्र हिशोब करायचा. १ औंसाचं तांबं (३५ मायक्रॉन जाडी), बाहेरचा थर आणि १० अंशांची तापमानवाढ धरली तर आयपीसी-२२२१ या पीसीबी डिझाइनच्या मानकातल्या सूत्राप्रमाणे १ अँपिअरला ०.३ मिमी, २ अँपिअरला ०.८, ३ अँपिअरला १.४ आणि ५ अँपिअरला २.८ मिमी रुंदी येते. बंद डबा आणि गोव्यातला उन्हाळा लक्षात घेऊन याच्या दुप्पट ठेवा. जागा असतेच. डब्ल्यूएस२८१२बीचा एकेक एलईडी पूर्ण पांढरा असताना ६० मिलिअँपिअरपर्यंत घेतो. म्हणजे ६० एलईडींची माळ ३.६ अँपिअर, दोन माळा ७.२. एवढा प्रवाह बोर्डावरून फिरवण्यात काही शहाणपण नाही. तीसेक एलईडींची माळ बोर्डाच्या टर्मिनलवरून चालवा. त्यापुढे माळेला ५ व्होल्ट थेट एसएमपीएसवरून द्या आणि बोर्डावरून फक्त डेटा व ग्राउंड. ग्राउंडची तार विसरलात तर माळ वेड्यासारखी चमकते, कारण डेटाचं व्होल्टेज कशाच्या तुलनेत मोजायचं हेच तिला कळत नाही.

उरलेल्या जागेत दोन्ही बाजूंना ग्राउंडचं तांबं पसरवा. पॅडना थर्मल रिलीफ, म्हणजे चार बारीक दांड्यांची जोडणी, चालू ठेवा. ती नसली तर ग्राउंडची पिन सोल्डर करताना सगळं तांबं उष्णता ओढून घेतं आणि सोल्डर वितळतच नाही.

बोर्डाची कड एज कट्स या थरावर काढायची आणि ती रेषा पूर्ण बंद हवी. कडेपासून तांबं ०.५ मिमी आत. आकार १०० × १०० मिमीच्या आत बसवा. बऱ्याच कारखान्यांची सवलतीची किंमत तेवढ्यापुरतीच असते आणि १०१ मिमी झाले की दर एकदम उडी मारतो.

सिल्कस्क्रीनवर, म्हणजे बोर्डावर छापायच्या अक्षरांवर, कंजुषी नको. ‘५ व्होल्ट’, ‘ग्राउंड’, ‘डेटा १’ हे टर्मिनलच्या शेजारी, कपॅसिटरचं अधिक-उणे, आयसीची खाच, आणि बोर्डाची आवृत्ती व तारीख. इंग्रजी अक्षरं किमान १ मिमी उंच, ०.१५ मिमी जाड. देवनागरीत नाव छापायचं तर ३ मिमी उंची आणि ठसठशीत फॉन्ट घ्या. बारीक मात्रा आणि रफार छपाईत तुटतात.

पाठवण्यापूर्वी

‘बी’ दाबून पसरवलेलं तांबं पुन्हा भरून घ्या, मग डीआरसी, म्हणजे मांडणीतल्या चुका शोधणारी तपासणी, चालवा. न जोडलेल्या तारांचा आकडा शून्य यायला हवा. त्यानंतर बोर्ड कागदावर १०० टक्के मापात छापा. प्रिंटरचं ‘पानात बसवा’ हे बंद करा आणि छापल्यावर कडेची लांबी पट्टीने मोजून खात्री करा. तो कागद पुठ्ठ्यावर चिकटवून प्रत्येक भागाचे पाय भोकांत टोचून पाहा. डेव्हकिट बसतो का, कपॅसिटर टर्मिनलला आपटतो का, यूएसबीची केबल आत शिरते का, हे सगळं इथे दिसतं. पाच रुपयांत होणारी ही तपासणी टाळू नका.

फॅब्रिकेशन आउटपुटमधून गर्बर, म्हणजे कारखान्याला द्यायच्या थरवार फाइली, काढा. दोन थरांच्या बोर्डाला वरचं व खालचं तांबं, वरचा व खालचा सोल्डर मास्क (पॅड सोडून बाकी तांबं झाकणारा रंगीत थर), वरचा व खालचा सिल्कस्क्रीन आणि एज कट्स असे सात थर लागतात. ड्रिल फाइल वेगळी काढावी लागते. तिच्यासाठी दुसरं बटण आहे, आणि नवखे नेमके तेच विसरतात. एक्सेलॉन फॉरमॅट, मिलिमीटर ठेवा. सगळ्या फाइली एका झिपमध्ये घाला.

आता ती झिप किकॅडच्याच गर्बर व्ह्यूअरमध्ये उघडा. भोकं पॅडच्या मधोमध आहेत का? खालच्या थरावरची अक्षरं वरून पाहताना आरशातल्यासारखी उलटी दिसतात का? (दिसायलाच हवीत. सरळ दिसली तर प्रत्यक्षात उलटी छापली जातील.) पॅडवर मास्क उघडा आहे का? कारखान्याला पोचतं ते हेच चित्र, किकॅडमधलं सुंदर थ्रीडी नव्हे.

कुठे मागवायचं, फॉर्म कसा भरायचा

चीनमधल्या जेएलसीपीसीबी, पीसीबीवे यांसारख्या कंपन्यांकडे बोर्डाची किंमत आश्चर्य वाटावं इतकी कमी असते. पण त्यावर कुरिअरचं भाडं, कस्टम ड्यूटी, जीएसटी आणि कुरिअर कंपनीचं हाताळणी शुल्क चढतं, आणि छोट्या ऑर्डरीत ही बेरीज बोर्डापेक्षा मोठी होते. भारतात गुजरातची पीसीबी पॉवर, बंगळुरूची लायन सर्किट्स अशा कंपन्या आहेत. बोर्डाचा दर जास्त, पण पैसे रुपयांत आणि कस्टमचा प्रश्न नाही. पाच छोटे बोर्ड असतील तर दोन्हीकडची दारात पोचेपर्यंतची पूर्ण रक्कम काढूनच ठरवा. आमचा कल असा: एकच डिझाइन, लहान आकार आणि तारीख पाळायची असेल तर देशातलं. तीन-चार डिझाइनं एकत्र मागवायची असतील तर चीन, कारण भाडं वाटून जातं.

झिप चढवली की आकार आपोआप दिसतो. तो मिलिमीटरपर्यंत जुळला पाहिजे. न जुळल्यास एज कट्समध्ये गडबड आहे. पुढचे रकाने: थर २, नग ५, जाडी १.६ मिमी, साहित्य एफआर-४, तांबं १ औंस, रंग हिरवा. हिरव्याला सहसा वेळ कमी लागतो आणि त्यावर ट्रॅकही नीट दिसतात. काळा दिसायला रुबाबदार, पण दोष शोधताना टॉर्च घेऊन बसावं लागतं. मास्क, सिल्कस्क्रीनचे बाकी पर्याय आहेत तसे राहू द्या. गोल्ड फिंगर, अर्धी कापलेली भोकं, इंपिडन्स नियंत्रण यांना ‘नको’. इलेक्ट्रिकल टेस्ट फुकट असेल तर जरूर घ्या.

सरफेस फिनिश हा रकाना मात्र गोव्यात विचार करून भरावा. ओएसपी म्हणजे तांब्यावरचा पातळ सेंद्रिय थर. दमट हवेत नुसते पडलेले असे बोर्ड काही महिन्यांत सोल्डर धरायला कुरकुर करतात. एचएएसएलमध्ये पॅडवर कथलाचा थर असतो, स्वस्त आणि टिकाऊ, हाताने सोल्डर करणाऱ्याला सगळ्यात सोयीचा. एनिग म्हणजे निकेलवर सोनं. एरवी चैन, पण समुद्राकाठच्या घरात उघड्या राहणाऱ्या कनेक्टरच्या पॅडसाठी किंवा अगदी बारीक एसएमडी (भोकांशिवाय पृष्ठभागावरच सोल्डर होणाऱ्या) भागांसाठी पैसे घालावेत. आपल्या मखराच्या बोर्डाला एचएएसएल पुरे.

ऑर्डर दिल्यावर एक-दोन दिवस ईमेलवर लक्ष ठेवा. “ही खाच कापायची का?”, “या भोकाला मुलामा हवा का?” असा प्रश्न येतो आणि उत्तर मिळेपर्यंत काम थांबून राहतं.

पत्ता लिहिण्यातही थोडी काळजी. आपल्याकडे घर क्रमांक, वाडा, गाव, तालुका असा पत्ता असतो आणि रस्त्याचं नाव बहुधा नसतंच. रस्त्याच्या रकान्यात वाड्याचं नाव आणि जवळची खूण लिहा, चालू असलेला मोबाइल नंबर द्या, पिनकोड नीट तपासा. परदेशी पार्सलसाठी कुरिअर कंपनी केवायसी मागते. आधार किंवा पॅनवर जसं नाव आहे तसंच ऑर्डरवर घाला. टोपणनाव किंवा नुसतं आडनाव घातलं की पार्सल कस्टममध्ये अडकून राहतं.

वेळेचं गणित मागून पुढे मांडा. पहिल्या बोर्डात चूक निघून दुसरा मागवावा लागेल असं गृहीत धरा. चवथीसाठी हवा असेल तर डिझाइन जूनमध्ये पुरं करून जुलैच्या सुरुवातीला ऑर्डर गेली पाहिजे. नरकासुरासाठी चीनमधून मागवणाऱ्यांनी १ ऑक्टोबरपासूनची तिथली राष्ट्रीय दिनाची आठवडाभराची सुट्टी लक्षात ठेवावी. ती नेमकी दिवाळीच्या तोंडावर येते, तेव्हा सप्टेंबर गाठा. जानेवारी-फेब्रुवारीतल्या चिनी नववर्षाला कारखाने याहून जास्त दिवस बंद असतात.

बोर्ड आल्यावर

पाकीट फोडल्यावर लागलीच सोल्डर करायला बसू नका. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर लावून ५ व्होल्ट आणि ग्राउंडच्या पॅडना टेकवा. आवाज आला तर शॉर्ट आहे. पाचही नगांवर तोच शॉर्ट असेल तर दोष डिझाइनचा, एकावरच असेल तर छपाईचा. उरलेले बोर्ड सिलिका जेलच्या पुडीसकट झिप-पिशवीत बंद ठेवा. पावसाळ्यात बाहेर ठेवलेल्या बोर्डावर बोटांचे ठसेसुद्धा काळे पडतात.

पाचपैकी एकच बोर्ड आधी पूर्ण करा. ६०-४० सोल्डर, सोल्डरिंग आयर्न ३३० ते ३५० अंशांवर. बुटके भाग आधी: रेझिस्टर, आयसीचा सॉकेट, सिरॅमिक कपॅसिटर, मग बटण, टर्मिनल, हेडर, शेवटी मोठा कपॅसिटर. फीमेल हेडर सोल्डर करताना त्यांत डेव्हकिट खोचून ठेवा म्हणजे दोन्ही रांगा सरळ बसतात. प्रत्येक रांगेची आधी एकच पिन पकडवा, सरळ आहे ना पाहा, मग बाकीच्या.

आता आयसी आणि डेव्हकिट दोन्ही काढून पुन्हा ५ व्होल्ट-ग्राउंड तपासा. मीटर क्षणभर वाजून गप्प बसेल. तो मोठा कपॅसिटर चार्ज होत असतो, शॉर्ट नव्हे. वाजतच राहिला तर शॉर्ट. मग ५ व्होल्ट द्या आणि सॉकेटच्या ७ व १४ नंबरच्या पिनांमध्ये ५ व्होल्ट आहेत का मोजा, जंपर लावून व्हीआयएनलाही मोजा. वीज बंद करून आयसी, पुन्हा तपासून डेव्हकिट, आणि शेवटी आठच एलईडींचा तुकडा, उजेड कमी ठेवून. थेट पूर्ण माळ लावून पाहण्याचा मोह आवरा.

एखादा ट्रॅक चुकला असेल तर बोर्ड फेकू नका. धारदार कटरने ट्रॅक दोन ठिकाणी एक मिमी अंतरावर कापा, मधला तुकडा उचकटून काढा, कंटिन्युइटी तुटल्याची खात्री करा आणि बारीक इनॅमल वायरने योग्य जागी जोड द्या. वायर गरम गोंदाच्या थेंबाने बसवून टाका. हीच दुरुस्ती लगेच स्कीमॅटिकमध्येही करा आणि सिल्कस्क्रीनवरची आवृत्ती एकने वाढवा. दोन महिन्यांनी दुसरी खेप मागवताना तीच जुनी झिप चढवली जाते, ती ही नोंद राहून गेल्यामुळे.

सगळं चाललं की फ्लक्सचे (सोल्डरमधल्या चिकट रसायनाचे) डाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने घासून काढा. समुद्रावरून येणाऱ्या खारट हवेत त्या डागांवर ओल धरते आणि पॅडच्या कडेने हिरवट बुरशीसारखा गंज चढतो. पूर्ण वाळल्यावर अ‍ॅक्रिलिक कन्फॉर्मल कोटिंगचे दोन पातळ हात मारा. पहिला वाळल्याशिवाय दुसरा नको. त्याआधी स्क्रू टर्मिनलची तोंडं, फीमेल हेडर, जंपर आणि बटण चिकटपट्टीने झाका, कारण स्प्रे आत गेला की धातूचा स्पर्शच तुटतो. डब्याला तारांसाठी पाडलेली भोकं गोंदाने किंवा रबरी ग्रोमेटने बुजवा, नाहीतर पावसाळ्यात मुंग्या बोर्डावर घर करतात. डबा मखरामागे उभा बसवणार असाल तर तारांची भोकं खालच्या बाजूला ठेवा.